अण्णाच्या नावाचा ग्लास

१६ जानेवारी, शुक्रवार

मीटर ८८,४१२. गाडी धुतली, हवा भरली.

वहिनींचा फोन. अण्णा जाऊन आठ महिने झाले, त्यानंतर त्यांनी आपणहून केलेला हा पहिला. "भावजी, हुरडा आलाय. रविवारी या तिघं. दरसाल येताय तसं." मी म्हटलं, अण्णाच नाही, आता आम्ही येऊन... तर म्हणाल्या, "ते न्हाईत म्हनून ज्वारी यायची ऱ्हायलीय का?" येतो म्हटलं.

चार घरं सोडून मल्लूचं चादरींचं दुकान. जाऊन सांगितलं. "यप्पा," एवढंच म्हणाला आणि घडी घातलेली चादर उलगडून परत घडी घालत बसला. नागेशला फोन केला तर मागं लूम धडधडतायत, काही ऐकू येईना. तीनदा ओरडलो. "येतो की," म्हणाला. "पन पुढं कोन बसनार?"

माझ्या शेजारची सीट अण्णाची. अठ्ठावीस वर्षं. मी फोन ठेवून दिला.

१७ जाने., शनिवार

शनिवार आला की अजून मी चालवायचो ती श्रीपूरची गाडी आठवते. दुपारी श्रीपूरहून सोलापूरला सुटायची. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातला एक क्लार्क छत्री आणि रिकामा डबा घेऊन अगदी पुढं बसायचा. तो अण्णाराव. मंगळवेढ्याच्या अलीकडं त्याचं शेत आणि घर, तिथं उतरायचा. तिकीट उतरेपर्यंत हातात. बाजारात चादरी विकून परतणारे मल्लू आणि नागेश गठ्ठे टपावर टाकून त्याच्या मागच्या बाकावर. दोघांचं भांडण मराठीत सुरू व्हायचं, मग एक कानडीत शिरायचा आणि एक तेलुगूत, आणि दोघांना वाटायचं आपण जिंकलो.

उसाच्या जोड-ट्रॉल्या रस्ताभर. ऊस इतका बाहेर आलेला की आरशात काही दिसायचं नाही. ट्रॉली ओलांडून परत आत यायच्या वेळी अण्णा खिडकीतून मान काढून सांगायचा, "डावीकडं मोकळं हाय, आप्पा." कंडक्टर चिडायचा, माझं काम हा का करतो म्हणून. मला मात्र त्याचीच सवय लागली.

बत्तीस वर्षं चालवली एसटी. एक ओरखडा नाही. बिल्ला कपाटात आहे. म. (महानंदा, आमची) म्हणते त्या बिल्ल्याला रोज पुसता, मला कधी एवढ्या प्रेमानं बघितलं नाहीत. बरोबर बोलते.

१९ जाने., सोमवार

मीटर ८८,५५२. कालचं सगळं नीट लिहायचं आहे.

हुरडा चांगला झाला. वहिनींनी आगटी पेटवून ठेवली होती. दाण्याची चटणी, दही, गूळ. अण्णाच्या जागी कुणी बसलं नाही, म्हणजे कुणी ठरवलं नव्हतं, पण बसलं नाही. नागेश कणसं चोळता चोळता उगाच नाक पुसत होता. धूर म्हणाला.

निघताना वहिनींनी दरवर्षीसारखी पिशवी दिली. माझ्या ताकाची बाटली, चिरलेली लिंबं, फरसाण, आणि स्टीलचे ग्लास. वास्तुशांतीला आलेले, अण्णारावचं नाव कोरलेले. गाडीत बसल्यावर नागेशनं मोजले. चार. "वहिनी चुकल्या," म्हणाला. तीन पुरे होते.

आता अण्णाचे नियम. एसटीत कधी नाही. शेतात नाही, शेत आईच्या नावावर. घरात नाही, वहिनी. जाताना नाही. फक्त हुरड्याहून परत येताना, फक्त गाडीत, आणि माचणूरच्या पुढचा भीमेचा पूल येईपर्यंत. मग अण्णाचा आमच्याबरोबर सोलापुरात मुक्काम, सकाळच्या गाडीनं माघारी. पूल दिसला की झाकण बंद, ग्लास धुऊन पिशवीत. चोवीस किलोमीटर. वर्षातून एवढीच. तेवढ्यासाठी त्यानं दारू प्यायचा आजन्म परवाना काढलेला. क्लार्क माणूस. "कायद्यानं प्यायची," म्हणायचा. त्या तिघांची दारू, माझं ताक. आमच्यात चालत नाही आणि मला कधी हवीशीही वाटली नाही. पण ते चोवीस किलोमीटर मला वर्षभर पुरायचे.

काल पूल दिसायला लागला आणि त्याच्या अलीकडे नाकाबंदी. ऊन होतं अजून, साडेचार. साहेब तरुण, बोलायला नीट. मी फुंकलं. शून्य. "छान काका," म्हणाला. मग त्यानं आत वाकून बघितलं. मागं मल्लू आणि नागेश, हातात ग्लास. पुढं माझ्या डाव्या हाताशी, ग्लास ठेवायच्या खाचेत, एक भरलेला ग्लास. त्यानं उचलून वास घेतला.

"हा कुणाचा?"

नागेश म्हणाला, "अण्णाचा."

"ते कुठायत?"

"वारले, साहेब. उन्हाळ्यात."

साहेबाला वाटलं आम्ही थट्टा करतोय. कागद मागितले. मी नेहमीसारखी प्लास्टिकची अख्खी फाइल दिली. आरसी, विमा, पीयूसी. आणि त्याच्या मागं अण्णाचा परवाना.

तो तिथंच असायचा. माझ्या डोक्यात कायम एसटीचा हिशेब, गाडीला एक परमिट असलं की आतल्या सगळ्यांचं भागलं. अण्णालाही तेच पटलेलं. म्हणून आधीची जीप होती तेव्हापासून तो कागद गाडीच्या कागदांत. तो गेल्यावर काढायचं सुचलंच नाही.

साहेबानं परवान्यावरचं नाव वाचलं, ग्लासवरचं वाचलं. "मेलेल्या माणसाच्या परवान्यावर पिताय होय?"

ग्लास, बाटली जप्त. माझं लायसन ठेवून घेतलं, पावती दिली. नागेशच्या पुतण्याला बोलावून घेतलं, त्यानं गाडी आणली. पूल मी मागच्या सीटवरून ओलांडला. पहिल्यांदा.

२० जाने., मंगळवार

शाळेत जाऊन सांगितलं. रिटायर झाल्यापासून जुळे सोलापूरची व्हॅन माझ्याकडे. लपवून उपयोग नव्हता, लायसनच नाही. ऑफिसातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "काका, तुम्ही प्यायला नव्हता ना?" नाही म्हटलं. "पण गाडीत होती." होती. मग म्हणाल्या, "निकाल लागेपर्यंत नको. पालक विचारतील. तुमच्यावर केस झाली तर मग मात्र..." त्यांचं काही चुकलं नाही. माझी नात त्या व्हॅनमध्ये असती तर मीही हेच म्हटलं असतं.

घरी येऊन बिल्ला पुसला नाही.

२२ जाने., गुरुवार

वकील मॅडमकडे. मल्लूच्या ओळखीच्या. वयानं लहान, पण ऐकून घेतात.

त्यांचं म्हणणं: पिऊन गाडी चालवण्याचं कलम चालवणाऱ्याला. तुमचं शून्य आलंय, तिथं तुम्हाला कुणी हात लावत नाही. पण रस्त्यावरची गाडी म्हणजे तुमचं घर नव्हे. परवाना नसताना त्यात बसून पिणं हा त्या दोघांचा गुन्हा. परवाना माणसाचा असतो, गाडीचा नसतो, आणि माणूस गेला की संपला. आता राहिलात तुम्ही. गाडी तुमची, चालवणारे तुम्ही. तुम्हाला ठाऊक होतं का, आणि ठाऊक असून तुम्ही त्यांना साथ दिली का, हे ते बघणार. कोर्ट काय धरेल ते मी आज सांगत नाही.

"मग काय म्हणू?"

"ग्लास मागच्यांनी पुढं ठेवला. परवाना त्या गृहस्थांनी कधीतरी फाइलमध्ये सरकवला. तुमचं लक्ष रस्त्यावर होतं. तुम्हाला माहीत नव्हतं. असं असेल तर असं म्हणा."

"असेल तर" वर त्यांनी जोर दिला. भली बाई आहे.

जबाब ३ तारखेला.

२५ जाने., रविवार

एक गोष्ट इथंही लिहिली नव्हती. मॅडमना सांगितली नाही, म.लाही नाही.

त्या दिवशी मल्लूनं दोघांचे ग्लास भरले. माझ्यात ताक ओतलं. चौथा रिकामा त्याच्या मांडीवर. मी आरशातून बघत होतो. मीच म्हणालो, "अण्णाचा पन भर की. हितं दे." आणि मीच डाव्या हातानं घेऊन खाचेत ठेवला.

ट्रॉली आली पुढं. ओलांडली. आत यायच्या वेळी मी थांबलो. दोन-तीन सेकंद, उगाच. मागून मल्लू म्हणाला, "काय झालं?" काही नाही म्हटलं. कुणी सांगायची वाट बघत होतो. तेव्हा कळलं मला, आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट कळलं, की अण्णा गेला. डोळ्यांत पाणी आलं. गाडी सरळ चालवली. त्याचा फुंकण्याच्या यंत्रात आकडा येत नाही.

जीपचे दिवस आठवत बसलो मग. ताडपत्रीची जीप, वारा आरपार. अण्णाला दोन घोट गेले की तो कारखान्यातल्या लोकांच्या हजेऱ्या म्हणायचा. खरंच. नाव, मग 'हजर', नाव, मग 'हजर'. सगळ्यांना हजर करायचा, मेलेल्यांनाही. मल्लू हसून हसून खोकायचा. शेवटी, "सिद्राम. ड्रायव्हर. हजर." आणि पूल यायचा.

२८ जाने., बुधवार

मल्लू आणि नागेश दोघंही आले. चेहरे सांगत होते काहीतरी करून आलेत. त्यांचे जबाब झाले.

मल्लू म्हणाला, "आमी सांगून आलोय. सिद्रामप्पा नको नको म्हनत होता, आमीच ऐकलं न्हाय. ग्लास आमीच पुढं ठिवला. त्या ग्लासाचं त्याला काय बी ठावं न्हाय. तू फकस्त मान हलव. आमाला काय, व्हईल ते व्हईल. तुजं लायसन हाय."

नागेश म्हणाला, "तुमी लई साधं हाय आप्पा, म्हनून अगोदर आमी गेलो."

मी त्यांना चहा दिला. माझ्यासाठी केलं, दुकान आणि लूम बंद ठेवून केलं. असे मित्र कुणाला असतात? आणि तरी मला राग आला. जन्मभर मी आरशातून ज्यांच्याकडे बघत हसलो, त्यांना कागदावर मी नको नको म्हणतोय. अठ्ठावीस वर्षं मी नको म्हणत होतो असं झालं ते. मला ते हवं होतं. त्यांच्याइतकंच हवं होतं, दारू सोडून.

म.ला अण्णाच्या ग्लासचं सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "म्हणजे कानांवर हात ठेवायचे," म्हणाली. "तुम्हाला जमेल?" मग स्वतःच, "लायसन गेलं तर घरात बसून माझं डोकं खाल. तेही बघा."

१ फेब्रुवारी, रविवार

वहिनींकडे जाऊन आलो. ग्लास त्यांचे, ते ठाण्यात अडकलेत, सांगायला तर हवं. एसटीनं गेलो. पुढं जागा होती, बसलो नाही, मध्ये बसलो. पोरगा चांगला चालवत होता. गिअर जरा उशिरा टाकतो.

वहिनी कडब्याच्या पेंढ्या लावत होत्या. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. गाडीत पीत होतो, म्हणजे ते पीत होते, दरवर्षी, तुम्हाला चोरून. अण्णा तुम्हाला कळू नये म्हणून किती जपायचा. त्या दिवशी त्याचाही ग्लास भरला, आणि तो पोलिसांनी नेला.

त्या पेंढी टेकवून बसल्या. "भावजी, ताक पिनारा एकला. तिघांचं ग्लास म्या कशाला देत हुते?"

मी मान वर केली.

"लिंबं कापून कोन देत हुतं? हुरड्याला लिंबू लागतंय का? ग्लास धुऊन यायचं तरी वास यायचा. मला ठावं हुतं की. पैल्या सालापासनं ठावं हुतं. म्हनलं, येक दिस हाय मानसाचा, जाऊ दे. त्यास्नी वाटायचं मला ठावं न्हाय, त्याच्यातच त्यांची मजा."

मग त्या उठून परत पेंढ्या लावायला लागल्या. मी एकेक हातात देत गेलो.

"औंदा चार दिलं ते मोजून दिलं," म्हणाल्या. "तुमी भराल का न्हाय, तेवढंच बघायचं हुतं. भरलं म्हनताय. बरं वाटलं."

परतीच्या गाडीत पूल आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. रडलो. शेजारच्या बाईंनी शेंगा पुढं केल्या. घेतल्या.

३ फेब्रु., मंगळवार

सकाळी दहा. तोच साहेब. मॅडम माझ्या बाजूला. टेबलावर मल्लू-नागेशचे जबाब, मला दिसत होते.

"काका, गाडीत पितायत हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

मॅडमनी मान वळवली. साहेबानं पेन खाली ठेवलं. "हे दोघं तर म्हणतात तुम्ही नको म्हणत होता..."

"ते माझ्यावरच्या मायेनं म्हणतात. साहेब, अठ्ठावीस वर्षं माहीत होतं. पुढचा ग्लास मीच भरायला सांगितला. परवाना मीच कागदांत ठेवला, गाडीला एक पुरतो असं मला वाटायचं. चुकलं. पण माहीत नव्हतं असं नाही. प्यालो नाही. वेग पंचावन्नच्या वर नव्हता."

साहेब म्हणाला, "चहा पिऊन या. परत विचारतो." चहा पिऊन आलो. परत विचारलं. तेच सांगितलं. मग त्यानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. 'मयत मित्राचे आठवणीकरिता' असं त्यानं आपल्या मनानं घातलं होतं. मी काढा म्हटलं नाही. सही केली.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुमच्यावर दाखल करतात की समज देऊन सोडतात, आता त्यांच्या हातात. पण तुमच्या मित्रांचे जबाब खोटे पडले, हे लक्षात आलं का तुमच्या?"

आलं होतं. पायऱ्या उतरताना आलं. आधी यायला हवं होतं.

४ फेब्रु., बुधवार

दुकानावरून गेलो. मल्लूनं बघितलं आणि गिऱ्हाइकाला तिसरी चादर उलगडून दाखवली. नागेश फोन उचलत नाही. संध्याकाळी मेसेज: 'तुमचं तुमी खरं झालात. आमचं काय.' वाचून ठेवला. तो बरोबर बोलतो.

शाळेतून काही नाही.

वहिनींचा फोन मात्र आला. ग्लास कधी देतील? म्हटलं केस संपली की. "चारी द्यायला सांगा," म्हणाल्या.

६ फेब्रु., शुक्रवार

मीटर ८८,५५२. तेच.

बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी गाडी दारातच चालू करून बसलो. दोन्ही हात स्टिअरिंगवर. लोक बघत होते, बघू देत. दहा मिनिटं चालू ठेवायची, मग बंद. एवढंच काम सध्या.

डावीकडचं दार उघडलं. मल्लू. दुकानातून तसाच आलेला, खांद्यावर मोजपट्टी. मागं नाही गेला. अण्णाच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या खाचेत बघत होता.

मी म्हटलं, "मल्लू, चुकलं माजं. अगोदर तुमाला सांगाया पायजे हुतं."

गाडी चालू. तापमानाचा काटा वर येत होता. मल्लूनं काच खाली केली, बाहेर मान काढली. गल्लीत मागं एक सायकल उभी, तिच्यावर मांजर.

"डावीकडं मोकळं हाय, आप्पा."

"लायसन न्हाय माज्याकडं."

"ठावं हाय."

दहा मिनिटं झाली होती. गाडी बंद केली नाही.